धरलेली खाट

आमच्या गावात एक पिंपळ होता, त्याच्याखाली लोक दिवसासुद्धा थांबत नसत. मी तिथे सायकल टेकवून विडी ओढत बसे. लोक म्हणायचे, गडी धीट आहे. खरी गोष्ट अशी की बायकोला विडीचा वास खपत नव्हता आणि गावात दुसरी निवांत जागा नव्हती... सांगायचं एवढंच की भुताखेतांशी माझं कधी देणं-घेणं नव्हतं. आजही कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी हसतो. तेव्हा पुढचं लिहिणं भित्र्या माणसाचं आहे असं समजू नका. भित्रा मी नव्हतोच. लबाड होतो.

पोलीस ॲक्शनला पाचेक वर्षं झाली असतील. आमचा भाग अजून हैदराबाद राज्यातच होता. मी कंदिलाच्या काचांचा एजंट होतो – परभणी, जिंतूर, सेलू, पूर्णा असा फिरायचो. या धंद्याला सावध माणूस लागतो, आणि मी स्वतःच्याच सॅम्पलच्या पेटीवर दोनदा बसलेलो आहे. माझी योग्यता त्यावरून ओळखा.

परभणीला मोंढ्यात आडत दुकानांच्या माडीवर एक लॉज होतं. खाली सरकीची पोती, वर माणसांची. एका हॉलमध्ये दहा-बारा खाटा, आणि कोपऱ्यात एक खोली, तिच्यात एकच खाट, खिडकीखाली. तिथली पद्धत अशी की गिऱ्हाइकानं आधी वर जाऊन खाटेवर आपलं सामान ठेवायचं, मग खाली येऊन वहीत नाव लिहायचं. सामान ठेवलं की खाट धरली. मॅनेजर दिगंबरराव या नियमाला इतके पक्के की एकदा कुणी नुसती टोपी ठेवून गेला तो आलाच नाही, तर तीन दिवस त्यांनी त्या टोपीला खाट दिली होती.

शिमगा होऊन गेला होता, ऊन तापलं होतं. दुपारी बाराच्या सुमारास मी पेटी घेऊन जिना चढलो. हॉल दलाल आणि व्यापाऱ्यांनी भरलेला. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. खाट मोकळी, वर फक्त एक काळं घोंगडं, चौघडी घालून नीट ठेवलेलं. एका कोपऱ्याला लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. मेंढ्यांचा वास येत होता.

आता घोंगडं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या भागात कुणी धनगर जत्रेत, बाजारात, धर्मशाळेत घोंगडं टाकून गेला की ती जागा त्याची. चोरसुद्धा ते उचलत नाही. पण मी स्वतःला म्हटलं, वहीत नाव आहे का याचं? नाही. मग हे काय सामान म्हणायचं? मी ते दोन बोटांनी उचललं, बाहेर गॅलरीच्या कठड्यावर टाकलं आणि खाटेवर माझी पेटी ठेवली. खाली जाऊन दिगंबररावांना सांगितलं, "कोपऱ्यातली रिकामी होती, मी धरली." नाव लिहिलं, पोटभर जेवलो आणि वर येऊन आडवा झालो.

डोळा लागतो न लागतो तोच जिन्याखाली एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"मालक, कोपऱ्यातली खाट धरून गेलतो मी. घोंगडं टाकलं हुतं."

"मग वर जाऊन बघ ना मामा," दिगंबरराव म्हणाले.

पावलं वर आली आणि दाराशी थांबली. मी भिंतीकडे तोंड करून घोरायला लागलो. ती कला मला उत्तम साधते. पावलं गॅलरीत गेली आणि परत खाली उतरली.

"घोंगडं कठड्यावर हाय, मालक. खाटंवर कोनतरी सायब निजलेत."

"मग तू कठडा धरलास मामा, खाट नाही."

हॉलमधले दोघे-तिघे हसले. खोटं कशाला सांगू, मलाही घोरता घोरता हसू आलं.

"घोंगडं कोन हलवील?" हा बाईचा आवाज होता, बारीक आणि दम लागलेला. "न्हाई हलवीत कुनी."

"वाऱ्यानं गेलं असंल, गिरजे. टेक हितं पायरीवर."

"काय झालंय बाईला?" दिगंबरराव विचारत होते.

"पोट चिरलंय जी. आज सोडलं दवाखान्यातून. पाचाला बोरीची मोटार हाय, तवर निजवून ठेवा म्हनले डाक्टर. लय टाके हायेत."

हॉलमध्ये पुरुषांच्या गर्दीत बाईमाणसाला कसं निजवणार? दिगंबरराव स्वतः वर आले. "अहो, साहेब... ओ काचवाले..."

मी घोरणं वाढवलं. एकदा सोंग घेतलं की ते सोडायलाच लाज वाटते, ही माझी जन्माची खोड. ते दोनदा हाका मारून निघून गेले. खाली काहीतरी बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. आणि मला खरीच झोप लागली. हेच मला अजून माफ करता येत नाही.

जागा झालो तेव्हा मोंढ्यातल्या हमालांची ओरड ऐकू येत होती. चार वाजले असतील. दाराला आतून कडी होती. ती मीच, दिगंबरराव खाली गेल्यावर, उठून घातली होती. आणि माझ्या पायांवर काहीतरी जड, ऊबदार होतं.

घोंगडं. चौघडी घातलेलं. कोपऱ्याला लाल रफू. पण आता त्याला मेंढ्यांचा वास नव्हता, दवाखान्यातल्या फिनाईलचा होता.

मला वाटलं, म्हातारा खिडकीतून टाकून गेला असेल. पण खिडकीला गज होते आणि खिडकी माडीवर होती. मी ते उचलून तरातरा गॅलरीत गेलो, कठड्यावरून खाली टाकावं म्हणून वाकलो... आणि थांबलो.

खाली पायरीवर ती बाई बसली होती, सरकीच्या पोत्याला डोकं टेकून. पायऱ्यांवर लख्ख ऊन. म्हातारा धोतराचा सोगा धरून तिच्या तोंडावर सावली करत होता. आणि तिच्या अंगावर घोंगडं होतं – काळं, कोपऱ्याला लाल रफू.

घोंगड्या सगळ्या सारख्याच दिसतात, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. हातातलं बघितलं, खालचं बघितलं. रफूच्या टोकाला दोरा सुटला होता. इथेही आणि तिथेही.

अजून एक तास होता. खाली जाऊन "बाई, वर येऊन पडा" एवढं म्हणायचं होतं. पण हातात ते घोंगडं घेऊन काय सांगणार होतो? मी आत गेलो आणि पुन्हा कडी घातली. पाचला मोटारीचा भोंगा ऐकला तेव्हाच उठलो.

घोंगडं टाकवलं नाही. पिशवीत घातलं, आठेक दिवसांनी बोरीच्या बाजारला गेलो. म्हटलं, भेटला तर देऊन टाकू, काहीतरी थाप मारू. दुकान मांडतोय तोच म्हातारा समोर उभा. कंदिलाची काच पाहिजे होती. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसं, त्यानं माझी पाठ पाहिली होती.

माझ्याच तोंडून निघून गेलं, "मामा, मंडळी बऱ्या आहेत ना?"

"तुमाला कसं ठाव?"

"त्या दिवशी... मोंढ्यात पाहिलं होतं. पायरीवर."

तो खाली बसला. "मोटारीतून उतरवली तवा टाके सुटले हुते. तिसऱ्या दिशी गेली. निजवून ठेवा म्हनले हुते, पर जागा न्हाई भेटली." आवाजात तक्रार नव्हती, पावसाचं सांगावं तसं सांगत होता.

"आणि... घोंगडं?"

"ते तिच्यासंगच दिलं. सूत तिनंच कातलं हुतं, रफू तिचंच. अंगावर घालून, मीठ टाकून माती दिली."

माझी पिशवी माझ्या मांडीला टेकलेली होती.

काच हातात घेऊन तो उठला आणि म्हणाला, "तुमी तिथंच हुता, तर त्या खोलीत कोन सायब निजले हुते, ठाव हाय का?"

"नाही मामा," मी म्हणालो.

"असू द्या. मालक दार वाजवून उठवनार हुते त्यास्नी. हीच म्हनली, उठवू नगा, परगावचं मानूस, दमलं असंल."

पिशवी उघडली असती तर ते काय आहे याचा निकाल तिथेच लागला असता. पण पिशवी उघडायची तर आधी तोंड उघडावं लागलं असतं. मी तशीच उचलून घरी आणली. घडी मोडली तेव्हा आतून खडेमिठाचे चार-पाच दाणे जमिनीवर पडले. बायकोनं केरसुणी आणली आणि ते झाडून टाकले.

दोन घोंगड्या होत्या का? मग मीठ कुठलं? कडी लावलेल्या खोलीत ते आलं कसं? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कुणाला विचारलंही नाही. मसाजी नाव होतं त्या म्हाताऱ्याचं, हे त्याच्या माघारी कळलं. हे सगळं ज्याला सांगायचं होतं त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

घोंगडं माझ्या घरी खिडकीखालच्या खाटेवर आहे. चौघडी घालून. पाहुणे आले, जागा कमी पडली, तरी मी ते हलवू देत नाही. मी खाली सतरंजीवर निजतो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला पाठीचं दुखणं आहे. मी म्हणतो, हो, पाठीचंच.