सबूर अप्पांकडची चौकशी

"अहो अप्पा, चांगला हाय म्हणा की! एवढं बोलायला काय जकात लागते का?"

हा आरडाओरडा माझ्या वडिलांचा होता आणि तो तूरडाळीच्या पोत्यांमागून येत होता. पोत्यांमागं मीही होतो. समोर स्टुलावर चाकूरचे पाहुणे बसले होते, माझ्यासाठी बघितलेल्या मुलीचे मामा. त्यांनी आमच्या लातूरच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला, म्हणजे सबूर अप्पांना, "पोरगं कसं हाय?" एवढंच विचारलं होतं. त्याला वीस मिनिटं झाली होती. तोंड उघडणार नाही अशी शपथ वडिलांनी घेतली होती, ती एकविसाव्या मिनिटाला मोडली.

कुणी काहीही विचारलं की अप्पा डोळे मिटून म्हणायचे, "जरा सबूर." मग तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडत बसायचे. एका बाईनं एकदा विचारलं, "अप्पा, डाळ चांगली हाय का?" उत्तर येईपर्यंत तिनं शेजारच्या दुकानातून डाळ नेली, वरण केलं, नवऱ्याला वाढलं, भांडी घासली आणि विसरलेली पिशवी न्यायला परत आली. तेव्हा अप्पा म्हणाले, "शिजते." मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर भांडी घासल्याचं तेवढं काढून टाका.

वॉर्डातले एक थोर नेते मतं मागायला आले. "अप्पा, पाच वर्षांत आमचं काम कसं वाटलं?" जरा सबूर. सोबतच्या तीस कार्यकर्त्यांचे घोषणा देऊन घसे बसले, दोघं तर तेवढ्यात विरोधी पक्षात जाऊन परत आले. शेवटी अप्पा बोलले, "बॅनर मजबूत होते. दोन पावसाळे आमच्या पत्र्यावर टिकले." त्या नेत्याच्या कामाचं याहून मोठं कौतुक आजतागायत कुणी केलेलं नाही.

अशा माणसाचा शब्द गल्लीत प्रमाण होता, हीच आमची पंचाईत. सोयरीक करायला आलेला पाहुणा चहा आमच्याकडे प्यायचा आणि चौकशी अप्पांकडे करायचा. देवणीच्या पाहुण्यांनी "जरा सबूर" ऐकलं आणि तोच निकाल समजून एसटी पकडली. उदगीरचे अर्धा तास थांबले आणि "ज्याच्यावर एवढा विचार करावा लागतो, ते पोरगं नको" म्हणून उठले. मी एकतिशीला पोचलो होतो. चाकूरचं स्थळ हातचं गेलं असतं तर आईनं मला थेट मठात नेऊन सोडलं असतं.

तर वडील ओरडले आणि मामा दचकून उभे राहिले. "पोत्यामागं कोण हाय?"

याला मात्र अप्पांना विचार करावा लागला नाही. "पोराचा बाप. पोरगंबी तिथंच हाय."

डाळीच्या धुळीनं पिवळे होऊन आम्ही बाहेर आलो. हळदीचा मान मला तेवढा तरी मिळाला. मामांनी चप्पल पायात घातली होती. तेव्हा अप्पांनी डोळे उघडले.

"पाहुणे, हा पोरगा बोलतो त्यातलं निम्मं सोडून द्या."

वडिलांनी भिंतीचा आधार घेतला.

"राहिलेलं निम्मं तो करतो. माझी बायको दवाखान्यात होती. रोज दोन टायमाचा डबा आणतो म्हणाला. एकाच टायमाचा आणला. पण चाळीस दिवस आणला."

मामांनी चप्पल काढली.

लग्न झालं. बायको आजही माझं कुठलंही वाक्य आधी दोननं भागते, मग ऐकते.

पुढं गुडघे गेले म्हणून मुलानं अप्पांना नांदेडला नेलं. दुकानाच्या जागी आता मोबाईलवाला आहे, तो विचारायच्या आधीच उत्तर देतो. मागच्या वर्षी मी अप्पांना फोन लावला. "अप्पा, बावीस वर्षं झाली. माझ्या बाबतीत काही फेरफार?"

"जरा सबूर."

मी हॅलो हॅलो करून गल्ली जागी केली. मुलानं फोन घेतला. "अप्पा विचार करून राहिलेत. ठेवा तुम्ही."

महिन्याभरात ते गेल्याचा निरोप आला.

नांदेडला भेटायला गेलो. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, त्यातलं निम्मं पाळलं. निघताना दारात राहवलं नाही. मुलाला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का रे शेवटी?"

तो बापावर गेलेला. त्यानं डोळे मिटले. रस्त्यावरून दोन ऑटो गेले, तिसरा गेला.

"हाव," तो म्हणाला. "निम्मंच राहू द्या म्हणाले."