पुढचा नंबर घंटावाल्याचा

माझ्या वयाच्या माणसाने दुपारच्या डब्यानंतर बडीशेप चघळावी, बदल्यांच्या बातम्या उगाळाव्यात आणि साहेबाच्या नावाने बोटं मोडावीत. मी त्या वेळात, दहावीतल्या एका पोराचं एका पोरीवर प्रेम आहे की नाही, यावर अनोळखी लोकांशी भांडत असे. सरकारी कचेरीत, सरकारी खुर्चीत बसून. आजवर हे कुणाला बोललो नाही. तसा मी कुणालाच काही बोलत नाही. मला बोलतं करण्यापेक्षा पाथर्डीकडे बोअरला पाणी लागणं सोपं, असं बायको म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही.

पोरगा-पोरगी चित्रातली. मोबाईलवर दर शनिवारी एक चित्रकथा येते, गावाकडच्या हायस्कुलातली. कोण काढतं माहीत नाही, पण ज्याने काढली तो असल्याच शाळेत शिकलाय. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा. शिपायाचे गुडघे गेलेले, म्हणून घंटा वाजवायचं काम दाराजवळ बसणाऱ्या एका पोराकडे. गणिताचे मास्तर हजेरीच्या क्रमाने एकेकाला फळ्यावर बोलावतात, आधी मुली, मग मुलगे. मुलींमधली शेवटची फळ्यावर जाते. गणित अडतं, खडू थांबतो, मास्तर चष्मा काढतात. तेवढ्यात टण टण टण. तास संपला. संपायच्या आधीच.

हे दर दोन-चार भागांनी व्हायचं. पोरगा तोंडातून चकार शब्द काढत नाही आणि चित्रं काढणाराही खुलासा करत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांनी मोबाईलवरच एक गट काढून न्यायनिवाडा हाती घेतला. एक पक्ष म्हणे, हे प्रेम. दुसरा म्हणे, कसलं प्रेम, पुढे मधली सुट्टी आहे, त्याला भूक लागलीय. मग एका उद्योगी माणसाने चित्र मोठं करकरून पोराच्या डब्यात डोकावून पाहिलं. मेथीची भाजी निघाली. भुकेचा पक्ष तिथेच खचला.

मी नावाच्या जागी ‘शेवटचा बाक’ असं टाकून गटात शिरलो आणि तिसरा पक्ष काढला. मी लिहिलं: ‘सदर मुलीनंतर हजेरीपटावर मुलग्यांमधला पहिला क्रमांक घंटावाल्याचाच आहे. तिचे गणित आटोपले की फळ्यावर त्याला जावे लागेल. सबब हे प्रेम नसून भीती आहे.’ तिशीच्या आतल्या त्या पोरापोरींमध्ये हाहाकार झाला. कुणी विचारलं, काका तुम्ही जज आहात का. पण मुद्दा कुणाला खोडता येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे माणसं उभी राहिली. त्यांना ‘भीतीवाले’ म्हणू लागले.

प्रेमवाल्यांची पुढारी एक मुलगी होती. तिच्या नावापुढे कोरफडीच्या कुंडीचा फोटो, कुंडीचा काठ फुटलेला. तो काठ मी फोडला होता, सिलेंडर सरकवताना. भिंगारमधल्या आमच्याच गॅलरीतली कुंडी. म्हणजे दिवसभर मला ‘दगडी काळजाचे’ म्हणणारी ही बया संध्याकाळी माझ्यासमोर बसून वरणभात कालवत होती. आमची मुलगी.

खरं तर त्याच दिवशी गटातून बाहेर पडायला हवं होतं. नाही पडलो. घरी आमचं बोलणं म्हणजे, जेवलीस का, हो, गाडीची चावी कुठाय, खुंटीला. आणि इथे ती माझ्याशी परिच्छेदच्या परिच्छेद बोलत होती, टोमणे मारत होती, पुरावे मागत होती. मला त्याची चटक लागली. बाप म्हणून जे जमलं नाही ते शेवटचा बाक म्हणून फुकटात मिळत होतं.

मग एका दुपारी कुणीतरी तिला विचारलं, तुला एवढी खात्री कशी की हे प्रेमच आहे. तिने लिहिलं की असा एक मुलगा तिच्या माहितीचा आहे. ती ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे तिथेच तो रक्ताचे नमुने गोळा करतो. डॉक्टर तिला रिपोर्टवरून झापायला लागले की त्याच्या हातून काहीतरी पडतं. ट्रे, पेन, एकदा तर डॉक्टरांचाच चहा. मग सगळी बोलणी तो खातो. लोक त्याला वेंधळा समजतात. तो वेंधळा नाही. आणि पुढे लिहिलं: ‘घरी सांगायचंय. पण माझ्या वडिलांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. भिंत निदान ओल तरी धरते.’

हे वाचताना माझ्या हातात डब्यातली पोळी होती. ती तशीच राहिली. मी काय करावं? मी चौकशी केली. ‘सदर मुलगा कुठला? घरी कोण कोण?’ तिने सगळं सांगितलं. शेवगावकडचा, वडील एसटीत कंडक्टर, एक बहीण, जात वेगळी. आणि मग तिने मलाच विचारलं, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे वाटता, सांगू का घरी?

मी लिहिलं, ‘इतक्यात सांगू नका. योग्य वेळ येऊ द्या.’

जातीमुळे नाही. जात मी कदाचित गिळली असती. भीती वाटली ती पुढच्या तासाची. तिने घरी सांगितल्यावर पुढे मला उभं राहायचं होतं, माझ्या बहिणीसमोर, भावकीसमोर. हजेरीपटावर तिच्यानंतर नंबर माझा. तिने ‘बरं’ एवढंच लिहिलं. घरी म्हणते तसंच.

त्यानंतरच्या रविवारी बहीण आली. पाथर्डीहून जीपमध्ये चेंगरून, एका हातात शेंगांची पिशवी आणि तोंडात स्थळ. माझ्याहून मोठी, आणि गप्प बसणं हा आमच्या दोघांचा वाटा देवाने चुकून माझ्या एकट्याच्या पदरात टाकलेला. मुलाची नोकरी, जमीन, उंची आणि त्याच्या आईचं ऑपरेशन हे सगळं तिने चपला काढता काढता सांगितलं. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन उभी होती.

“येत्या रईवारी बगायला यायचं म्हंत्यात,” बहीण म्हणाली. “आन् तू बोलंनास का गं? दुसरं काय हाय का मनात?”

मुलगी आईकडे बघेल असं मला वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ताटली हातात तशीच. तो खडू मी चित्रात कितीतरी वेळा थांबलेला बघितला होता.

“कुणाला बोलवू नकोस,” मी म्हणालो. “तिने बघितलाय मुलगा. तिच्याच लॅबमध्ये आहे, शेवगावचा. त्याच्या हातून वस्तू पडतात, पण त्या तो मुद्दाम पाडतो.”

माझं हे त्या वर्षातलं सगळ्यात लांब बोलणं असावं. बायकोने गॅस बंद केला.

“तुला कुनी सांगितलं?” बहीण म्हणाली.

“ह्यांना कोण सांगणार,” बायको म्हणाली, आणि मुलीकडे बघायला लागली.

बहिणीने जात विचारली. मी सांगितली. मग त्या लोकांना आता कुठल्या तोंडाने सांगू, असं ती म्हणाली. आहे त्याच तोंडाने सांग, चांगलं चालतं ते, असं माझ्याकडून निघून गेलं. तिने पोहे पूर्ण खाल्ले, वर दही मागितलं, आणि दुपारच्या जीपने निघून गेली. शेंगांची पिशवी मात्र परत नेली.

मुलगी गॅलरीत होती. मी मनातल्या मनात माफीचा मसुदा करत गेलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढंच सुचत होतं. ती कोरफडीला पाणी घालत होती. मागे न वळता म्हणाली, “या, शेवटचा बाक.”

“कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या ‘सबब’पासून. असं कोण लिहितं, बाबा?”

“मग ते भिंतीचं?”

“तुम्हालाच लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला कशाला लिहू? सांगू का म्हणूनसुद्धा तुम्हालाच विचारलं. तुम्ही नको म्हणालात.”

मी चोरून ऐकतोय असं समजत होतो, तेव्हा ती समोर उभी राहून सांगत होती, आणि मी परक्याचा मुखवटा घालून तिला घरी पाठवून दिलं होतं. इतके दिवस हेच आत टोचत होतं, म्हणून आता लिहिलं.

ती वळली. “आज बोललात ते कशामुळे? प्रेम की पुढचा नंबर?”

खोटं बोलता आलं असतं. सवय आहे.

“आत्या पुढचं मलाच विचारणार होती,” मी म्हणालो. “पण तुला तसं उभं राहिलेलं बघवलंही नाही.”

तिने थोडा विचार केला. “घंटावाला लवकर वाजवतो,” ती म्हणाली. “तुम्ही उशिरा वाजवलीत.” पण असं म्हणताना तिने तांब्या माझ्या हातात दिला, आणि राहिलेलं पाणी मी घातलं. कोरफडीला नको होतं, तरी घातलं.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल जरा जास्त. मायलेकी माझ्याकडे बघत बसल्या, कारण बापाने काहीतरी विचारायचं असतं. मी फळ्यावर. गाव कळलेलं, घरचे कळलेले, सगळं गटात आधीच विचारून झालेलं. मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसलो.

तेवढ्यात त्याच्या हातून चमचा पडला. उचलायला वाकला तर बशीही कलंडली, पोहे सगळे फरशीवर. मग झाडणं आलं, फडकं आलं, राहू दे राहू दे आलं, आणि त्या गडबडीत मी त्याला “शेवगावात पाऊस कसाय?” असं विचारून मोकळा झालो. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती.

आता तो चमचा त्याने तिच्यासाठी पाडला, की पुढचा प्रश्न आपल्याला येणार म्हणून घाबरून पाडला, की मला सोडवायला पाडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गटात विचारावं म्हणतो.