संत्रं सोलायची शिकवणी

माझ्या धाकट्या जावेची मुलगी अडीच वर्षांची झाली, तरी हाक मारल्यावर वळून पाहत नव्हती. बोलणं नव्हतं. दिवसभर उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवत बसायची. सौंसरहून बसने नागपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. परतताना मी डोळे पुसत होते. जाऊ मात्र दवाखान्यात अशा मुलांना शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सगळं आठवून आठवून वहीत उतरवत होती.

दुसऱ्या दिवशीच तिने सुरुवात केली. बागेत संत्र्याचा तोडा चालू होता. ती एक संत्रं घेऊन अंगणात बसायची, सगळं सोलायची आणि सालीचा एकच तुकडा तेवढा चिकटलेला ठेवायची. मग पोरीचा हात धरून तो ओढायला लावायची. "निघालं!" म्हणायची आणि फोड तिच्या हातात द्यायची. एवढंच. काही दिवसांनी तिने हात धरणं सोडलं. मग सालीचे दोन तुकडे ठेवू लागली, मग तीन.

"सुरुवातीपासून काहून नाही शिकवत तिले?" मी विचारलं.

"सुरुवात लय कठीण जाते, ताई. शेवट केला की लगेच फोड भेटते. मंग तिले वाटते, आपणच सोललं."

एका दुपारी घाईत मी अख्खं संत्रं सोलून पोरीपुढे ठेवलं. तिने फोडी भिरकावल्या आणि जमिनीवर डोकं आपटायला लागली. मला वाटलं, हट्ट. जाऊ धावत आली, तिला मांडीवर घेतलं आणि पोर शांत होईपर्यंत तशीच धरून बसली. मग म्हणाली, "तिचं काम तुमी करून टाकलं ना, ताई."

आवाजात राग नव्हता, तरी मी शरमले. पोरीला काय येत नाही, तेवढंच मी पाहत आले होते.

हात धुणं, चड्डी वर ओढणं, चप्पल घालणं, सगळं जावेने असंच शेवटाकडून शिकवलं. एकेका गोष्टीला महिने गेले. चप्पल अजूनही उलटसुलट होते.

पोर आता चार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते, मोजके शब्द बोलते. परवा मी भाजी निवडत होते, तर तिने माझं बोट धरून मला गोठ्यामागे नेलं. तिथे मांजर व्याली होती. पोरीने पिल्लांकडे बोट केलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिल्लांकडे. मागायचं काही नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं!

मी जावेला हाका मारत सुटले. ती कणकेचे हात घेऊन तशीच आली. मी एक पिल्लू उचलून पोरीला द्यायला वाकले.

"थांबा, ताई," जाऊ हळूच म्हणाली. "पोरगी पाहून राहिली ना अजून."

आम्ही तिघी तिथेच उभ्या राहिलो.