शेजारणीच्या ध्यानात राहिलेला शुक्रवार

साठ सालच्या आसपास दारव्ह्यात आमचं एकच कॅथलिक घर होतं. मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेसाठी, यवतमाळला जावं लागे आणि ते क्वचितच जमे. म्हणून आई घरातले नियम फार कडक पाळायची. शुक्रवारी मटण नाही म्हणजे नाही! रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाली की ती एकेकासाठी मोठ्यानं प्रार्थना करी. तिचाही क्रम ठरलेला होता. आधी पोपमहोदय, मग फादर, मग आम्ही.

एका बकरी ईदला शेजारच्या चाचींनी आम्हाला जेवायला बोलावलं. मधोमध मटणाचं पातेलं होतं. वासानं आमच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आईनं स्वतःच पळी उचलली, तेवढ्यात चाची आतून ओरडत आल्या.

"ओ बाई, ठेवा ते! आज शुक्रवार हाय. तुमाले चालत नाही ना?"

आई शरमेनं लाल झाली. "मी तर साफ विसरली होती. तुमच्या कसं ध्यानात राह्यलं?"

"आमचाबी जुम्मा हाय. मी काहून विसरीन?"

चाचींनी आमच्यासाठी वेगळी केलेली वांग्याची भाजी पुढं ठेवली. आमच्या वाट्याचं मटण हळद-मीठ लावून अंगणात दोरीवर वाळत होतं, ते उद्या न्यायचं. मला मात्र चाचींचा असा राग आला की मी वांग्याला हातच लावला नाही.

संध्याकाळी रोझरी संपली. आईनं पहिली प्रार्थना चाचींसाठी केली. पोपमहोदयांना त्या दिवशी थांबावं लागलं.