दोन होड्यांच्या लाटा
ताई मंगळवारी वारली. परवा मी भिगवणला उतरले, उजनी धरणाच्या पाण्याचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली एक सकाळ आठवली. ताईला पुण्यात क्वांटम संगणकावर संशोधन करायचं होतं. आबा, आमचे वडील, मासेमारी करायचे. त्यांची अट होती, "मला कळलं तरच शीक." जाळं झटकत त्यांनी विचारलं, "तुजं ते यंत्र समदी उत्तरं एकदमच काढतंय व्हय?" ताई म्हणाली, "न्हाय आबा. उत्तरांच्या लाटा एकदम उठतात, पण बघायला गेलं की कुठलं तरी एकच हाती येतं. म्हणून लाटा आधी अशा जुळवायच्या, की चुकीच्या एकमेकींना मारतील आणि बरोबरची वाढंल. ठरावीक गणितांतच जमतं, पण तितं साधा संगणक मागं पडतो." आबांनी पाण्याकडं बोट केलं. "दोन होड्यांच्या लाटा भेटल्या की कुठं पाणी उसळतं, कुठं गप पडतं. तसं?" "व्हय, तसंच!" त्या दिवशी मासळीच्या लिलावात आबांनी बोली थांबवून सगळ्यांना हे ऐकवलं. एक व्यापारी हसला, "आबा, पोरगी आता उत्तर जाळ्यात धरणार का?" "धरंल की! माझी हाय ती." त्याच आठवड्यात ताई पुण्याला गेली. आज आबा नाहीत, ताईही नाही. तिनं शिकवलेली मुलं हाच विषय शिकवतात.