लाल पडलेली बोय

बाबांनी ठाण्याच्या खाडीतून आणलेली शेवटची बोय मासळी आईने जाड्या मिठात थर देऊन बरणीत भरली होती. मीठही त्यांनीच मिठागरावरून गोणीभर आणलेलं. पुढच्याच आठवड्यात ते गेले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलेलं, कोळीवाड्यात बोय दिसेनाशी झालेली. बाजारातला मासा आईला नको होता. वर्षश्राद्धाच्या पानावर बाबांनीच धरलेली बोय वाढायची, हे तिने मनाशी पक्कं केलेलं.

श्राद्धाच्या आदल्या सकाळी बरणी उघडली, तर मासे लालसर पडलेले. शेजारच्या काकीच्या जिभेला हाड नव्हतंच. म्हणाली, "हात चांगला नसला का असंच व्हतं." माझं डोकंच फिरलं. आई मात्र स्वतःच्या हातांकडे बघत बसली. बाबा गेले तेव्हाही ती रडली नव्हती. लोकांनी तेव्हा तेही बोलून घेतलं होतं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. माशाचा एक तुकडा डब्यात घालून तडक तिकडे नेला. आमच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. "हॅलोबॅक्टेरियम असणार," म्हणाल्या. "मिठातूनच येतं. बाकी सगळं जिथे मरतं, तिथे हे मजेत जगतं."

घरी येऊन दारातूनच सांगितलं, "आई, तुझा हात नाही गं. मिठागराच्या मिठातून आलंय ते. जिवंत असतं."

"म्हंजे तुज्या बापानंच आनलेलं?"

"हो, बाबांनीच."

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. उठली, मोरीत बसून बोय नळाखाली चोळून चोळून धुवायला लागली. रंग हळूहळू गेला. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. मग तिने सहज विचारलं, "आता कुटं गेलं गो ते?"

शिकलेलं ओठांवर आलं. "गोड्या पाण्यात फुटतं ते. मेलं."

आईचा हात थांबला. "वरीसभर जगलेलं," ती म्हणाली, "आन् मी धुवून टाकलं." आणि नळ तसाच सोडून ती रडायला लागली. अख्ख्या वर्षाचं रडली. मी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी पानावर बोय वाढली. तळाशी लालसर मीठ उरलेली बरणी मात्र आईने शेवटपर्यंत कुणाला धुवू दिली नाही.