सोमवारी राहिलेले गोचीड

दादा गेल्याचा निरोप अमरावतीहून आला तेव्हा मी गोठ्यातच होते. माझा थोरला भाऊ, ढोरांच्या दवाखान्यात टोचणीचं काम करायचा. महिना झाला, पण रडू यायच्या आधी मला ढोरांच्या साथीचा, तो बुळकांडीचा हंगामच आठवतो.

भातकुलीकडे ढोरं पटापट पडत होती. माझ्या सासरच्या गावात टोचून घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून दादानं पहिला बैल माझा निवडला. सुईत काय आहे विचारलं तर म्हणाला, "बकरीत पोसून नरम केलेला रोगच आहे, बाई. लहान चोर आत सोडला का घरचे जागे होतात. मंग मोठा चोर येऊन काय करन?" फक्त आधी गोचीड वेचायचे, गोचिडाचा ताप अंगात दबून असला तर टोचणीनं उसळतो. शेपटीखाली एकही दिसला तर टोचणी पुढं ढकलू, म्हणाला. मी रोज वेचले... पण सोमवारी नाही. सोमवारी नंदीच्या अंगाला हात लावायचा नाही, ही सासरची रीत. मंगळवारी दादानं विचारलं, "साफ?" मी लाजून होकारार्थी मान हलवली आणि त्यानं सुई टोचली.

पाचव्या दिवशी बैल तापला, लाल मुतला. पारावर हशा, "सख्ख्या बहिणीचाच बैल निपटवला गावच्या साळ्यानं!" दादा सायकल दामटत आला, शेपूट उचलली. खाली टम्म गोचीड.

"काहून वं बाई?"

"सोमवार होता..."

तो रागावला नाही. शिरेत गोचिडाच्या तापावरचं निळं औषध भरलं आणि बाहेर जाऊन लोकांना म्हणाला, "माह्याच हातून चुकलं."

बैल उठला! पुढच्याच पंधरवड्यात रोग गावात शिरला. शेजारच्या खुंट्यावरची गाय गेली, आणि माझा बैल कडबा खात उभा! दादा ओरडला, "पाह्य बाई, घरचे जागे हायेत!" दुसऱ्या दिवशी अख्खा गाव ढोरं घेऊन रांगेत. तरी लाल मुताचा टोमणा त्याला जन्मभर ऐकावा लागला. तो हसायचा, माझं नाव कधी घेतलं नाही.

परवा नवा टोचणारा आला, पारासमोर बैल बांधून ठेवले होते. पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "पहिल्या टोचणाऱ्यानं तं बैल बिघडवला होता."

माणसांसमोर मी कधी उभी राहिलेली नाही. डोक्यावर पदर घेतला आणि पारापाशी गेले. "चूक त्याची नव्हती, बाबाजी. गोचीड माह्याकडून राहिले होते."

म्हातारबाबांनी विचारलं, "इतके साल काहून नाही बोलली, माय?"

मी पुढं झाले, समोरच्या बैलाची शेपूट उचलली आणि कुठं पाहायचं ते त्या नव्या माणसाला दाखवलं.